धने आणि कोथिंबीर : मराठवाड्यातील एका पिकाची पार्श्वभूमी

पेरणीच्या आदल्या दिवशी पोते अंथरून त्यावर धने पसरायचे आणि चपलेने हलके रगडायचे, ही रीत मराठवाड्यात आजही घरोघरी दिसते. धना हे वरून एकच गोल दाणा वाटणारे फळ असले तरी त्यात दोन बिया असतात. त्या सुट्या झाल्या की उगवण चांगली होते. रगडताना जोर जास्त पडला तर मात्र बियांचा चुरा होतो, म्हणून हे काम सहसा जाणत्या माणसाकडे असते.

गाजर, जिरे, बडीशेप, ओवा आणि शेपू यांच्या कुळातील या झाडाला मराठीत दोन नावे आहेत. पाल्याला आपण कोथिंबीर म्हणतो आणि फळांना धने. ‘कोथिंबीर’ हा शब्द संस्कृत ‘कुस्तुम्बुरु’वरून आला असून पाणिनीने त्या शब्दाच्या घडणीसाठी एक स्वतंत्र सूत्रच दिले आहे, ‘धने’ हा शब्द ‘धान्यक’वरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या प्रकरणात कुस्तुम्बुरुची गणना मिरी, आले आणि जिरे यांच्यासोबत तिखट पदार्थांत केलेली आहे. झाड मूळचे भूमध्य समुद्राच्या परिसरातले आणि पश्चिम आशियातले मानले जाते. इजिप्तमध्ये तुतानखामेनच्या थडग्यातही धने सापडले होते.

मराठवाड्यात ही दोन नावे म्हणजे व्यवहारात दोन वेगळी पिके आहेत आणि त्यांतले धन्याचे पीक जुने आहे. काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यात धन्याच्या काही ओळी टाकायच्या आणि पुढे पाणी न देता साडेतीन-चार महिन्यांनी झाडे उपटून, वाळवून, बडवून धने घरात आणायचे, असा तो हिशेब होता. हे पीक विकण्यासाठी क्वचितच घेतले जाई. वर्षभराचा काळा मसाला आणि येसर (धान्य-डाळी भाजून केलेले मसालेदार पीठ) यांची सोय झाली की ते पुरे मानले जात असे. हिरवी कोथिंबीर विहिरीच्या पाटाकडेला जेवढी येई तेवढीच. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शेतात जेवणे होतात, त्या सुमारास ती भरपूर असे. उन्हाळ्यात मात्र तिचे दर्शनही दुर्मीळ.

विहिरीवर मोटेच्या जागी विजेचा पंप आला तसे हे बदलत गेले. गोदावरीवरचे पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांनी काही पट्ट्यांत बारमाही पाणी आले; इतरत्र बोअर, पुढे ठिबक आणि तुषार संच आले. पक्क्या रस्त्यांमुळे संध्याकाळी काढलेला माल पहाटे दूरच्या बाजारात पोहोचू लागला. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत हाती पैसा देणारे पीक म्हणून कोथिंबिरीला मग स्वतंत्र वाफे मिळाले. उन्हाळ्यात तापमान वाढले की झाड पाला धरण्याऐवजी लवकर फुलावर येते, त्यामुळे त्या दिवसांत माल कमी आणि भाव चढा असतो. शेडनेटखाली किंवा उसाच्या सावलीला ती जगवण्याची धडपड त्यासाठीच चालते.

भावाचा लहरीपणा मात्र या पिकाला सुरुवातीपासून चिकटलेला आहे. शेकडा जुड्यांचा जो दर एका आठवड्यात शेतकऱ्याला हरखून टाकतो, तोच पुढच्या आठवड्यात काढणीची मजुरीही देत नाही. मग उभ्या पिकात शेळ्या सोडल्या जातात किंवा रोटाव्हेटर फिरवला जातो. काढणीला आलेली कोथिंबीर थांबवता येत नाही, हे याचे साधे कारण. म्हणून बरेच जण उभा प्लॉट व्यापाऱ्याला उक्ता देऊन टाकतात, आणि माझ्या मते त्यात शहाणपणाच जास्त आहे.

या सगळ्यात धन्याच्या ओळी मागे पडल्या. सोयाबीननंतर हरभऱ्याची सलग पेर होऊ लागली, तिच्यात त्या ओळींना जागा उरली नाही. देशातील धन्याचे मोठे उत्पादन आज राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये होते. येसरासाठी गहू, हरभरा डाळ आणि बाजरी भाजून झाल्यावर कढईत पडणारे धने आता बहुतेक घरांत किराणा दुकानातूनच येतात.