पेशीत तो हिरवा रंग येतो कुठून?

काळ्याभोर पार्श्वभूमीवर निळं केंद्रक आणि भोवती हिरव्या तंतूंचं जाळं. पेशीचं असं छायाचित्र पाहून पुष्कळांना वाटतं की पेशी आतून अशीच रंगीत असते. तसं नसतं. बहुतेक पेशी जवळपास पारदर्शक असतात. रंग असतो तो मुद्दाम जोडलेल्या रेणूंचा, आणि अनेकदा कृष्णधवल कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात तो संगणकावर भरलेला असतो. अशी चित्रं लावून ‘पेशींचं तेज वाढवतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर मुळीच विश्वास ठेवू नये.

शाळेतल्या मायक्रोस्कोपमध्ये प्रकाश खालून नमुन्याच्या आरपार येतो. रंगवलेला भाग त्यातला काही शोषून घेतो, म्हणून गडद दिसतो. वरच्यासारखी चित्रं टिपणाऱ्या फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपमध्ये मात्र नमुना स्वतःच उजळतो.

डीएनएला चिकटणारं डॅपी हे रंगद्रव्य घ्या. ते ३५८ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषतं आणि त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तिथे थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनांत खर्च होते. काही नॅनोसेकंदांत इलेक्ट्रॉन खाली येतो, तेव्हा उरलेली ऊर्जा प्रकाशरूपात बाहेर पडते. ऊर्जा घटली म्हणून तरंगलांबी वाढली: सुमारे ४६१ नॅनोमीटर, म्हणजे निळा. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे वर्णन केलं. सगळं यंत्र या शंभरेक नॅनोमीटरच्या फरकावर उभं आहे.

कारण नमुन्यावर टाकलेला प्रकाश परत येणाऱ्यापेक्षा लाखो पट प्रखर असू शकतो. दोन्ही वेगळे करतो फिल्टर क्यूब. त्यातला पहिला फिल्टर दिव्याच्या प्रकाशातून हवा तेवढाच पट्टा सोडतो. ४५ अंशांत बसवलेला डायक्रोइक आरसा आखूड लहरी वळवून ऑब्जेक्टिव्हमधून, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगातून, नमुन्यावर पाठवतो, आणि परतणाऱ्या लांब लहरींना आरपार जाऊ देतो. चुकार उरलेला मूळ प्रकाश शेवटचा फिल्टर अडवतो. एकच ऑब्जेक्टिव्ह प्रकाश टाकतो आणि गोळाही करतो, म्हणून प्रतिमेची प्रखरता त्याच्या न्यूमेरिकल ॲपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याच्या मापाच्या) चौथ्या घाताने वाढते. ४० पटींच्याच दोन ऑब्जेक्टिव्हांत ०.६५ ऐवजी १.३ चा, नमुन्यावर तेलाचा थेंब टाकून वापरायचा लावला, तर प्रतिमा सोळापट उजळ!

पण बारकावे त्यामुळे अमर्याद दिसत नाहीत. रात्री तारा ठिपक्यासारखा दिसतो तसा एकटा रेणूही दिसू शकतो. मात्र दोन रेणू साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असले तर त्यांचा एकच ठिपका होतो. ती मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रत्यक्षात काम बिघडतं ते किरकोळ गोष्टींनी. प्रखर प्रकाशात रंगद्रव्य कायमचं विझतं. म्हणून बघायचं नसेल तेव्हा शटर बंद ठेवा, फोकस मंद प्रकाशात करा. ग्लुटारअल्डिहाइड या रसायनाने स्थिर केलेला (आहे त्या स्थितीत टिकवलेला) नमुना स्वतःच चमकू लागतो, त्यापेक्षा ४ टक्के पॅराफॉर्मअल्डिहाइड बरं. बहुतेक ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेसाठी) घडवलेले असतात. जाडी चुकली की प्रतिमा धूसर. आणि रंग न लावलेली एक स्लाइड तेवढ्याच एक्सपोजरवर आधी टिपा. तीही हिरवी दिसली, तर ती चमक तुमच्या रंगद्रव्याची नाही.