बायका जास्त बोलतात म्हणे, पण मोजलं कोणी?

नागपूरच्या बर्डीवर कोणत्याही पोहेवाल्यापाशी सकाळी उभं राहा, तर्री ओतून घेत पुरुष मंडळी क्रिकेट, राजकारण, प्लॉटचे भाव सगळं निपटवून राहिलेली असतात, अन् त्यातलाच एखादा हमखास म्हणणार, "बायकांचं तोंड काही बंद होत नाही बाप्पा." गंमत म्हणजे २००६ मध्ये अमेरिकेत मेंदूवरच्या एका पुस्तकात तर आकडाच छापून आला, बाई दिवसाला २०,००० शब्द बोलते अन् पुरुष ७,०००. भाषेच्या अभ्यासकांनी मागे लागून शोधलं तर त्यामागे मोजणी अशी कोणी केलेलीच सापडेना.

मग २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मथायस मेल अन् त्याच्या टीमचा पेपर आला, 'सायन्स' या विज्ञानाच्या साप्ताहिकात. अमेरिका अन् मेक्सिकोतले ३९६ कॉलेजचे पोरंपोरी, प्रत्येकाजवळ एक छोटा रेकॉर्डर. तो दर साडेबारा मिनिटांनी ३० सेकंद आपोआप सुरू होणार, पण कधी सुरू झाला हे त्या पोराला कळणारच नाही. हीच खरी आयडिया. कारण माइक दिसला की माणूस वेगळंच बोलतो, हे विल्यम लॅबोव्ह या भाषेच्या अभ्यासकाने फार आधी सांगून ठेवलं होतं. निकाल काय, तर बायका सरासरी १६,२१५ शब्द, पुरुष १५,६६९. एवढा फरक हिशेबात धरण्यासारखा नाही.

पण हे सगळे कॉलेजचे होते ना, त्यांना ना नोकरीची कटकट ना लेकरांची. म्हणून २०२५ मध्ये तेच काम २,१९७ लोकांवर पुन्हा झालं, वय १० पासून ९४ पर्यंत. अन् इथं २५ ते ६४ वयात बायका खरंच पुढे निघाल्या, दिवसाला साधारण ३,००० शब्दांनी. कारण नक्की नाही, अभ्यासकांचा एक अंदाज असा की पोरं वाढवण्याचं काम जास्त बायकांकडे असतं म्हणून. माझ्या मते "टिफिन घेतला का, पानी भरलं का" एवढ्यातच हजारभर शब्द जात असतील. तरी माणसामाणसातला फरक याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, कोणी दिवसभरात शंभर शब्दही बोलला नाही अन् कोणी लाखाच्याही पार गेला.

किती बोलता हे झालं, कसं बोलता हा भाग जास्त किचकट. रॉबिन लॅकॉफ या भाषेच्या अभ्यासक बाईने १९७३ मध्ये लिहिलं की बायका वाक्याच्या शेवटी "हो ना?", "नाही का?" सारखं काहीतरी जोडतात, म्हणजे बोलण्यात ठामपणा कमी. हे तिने स्वतःच्या अन् ओळखीच्या लोकांच्या बोलण्यावरून लिहिलं होतं. नंतर ओबार अन् ॲटकिन्स या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कोर्टातल्या साक्षी तपासल्या, तर असं चाचरत बोलणं साध्या कामधंद्यातल्या पुरुषांतही सापडलं, अन् एक्स्पर्ट म्हणून साक्ष द्यायला आलेल्या बाईत फार कमी. म्हणजे बाई-पुरुषापेक्षा तुमची पत काय, हे जास्त बोलतं.

मराठीत हे मोजायचं तर वेगळीच पंचाईत. इंग्रजीत क्रियापदावरून बोलणारी बाई की पुरुष कळत नाही, आपल्याकडे "जातो-जाते" आहे, मग सोपं वाटतं, कॉम्प्युटरला सांगा अन् मोजा. पण कोल्हापूरच्या पोरी बिनधास्त "मी आलो" म्हणतात, अन् आमच्या इकडच्या गावातली एखादी आजीपण "मी येतो बरं" म्हणून उठते. कॉम्प्युटर तिला पुरुषात टाकून मोकळा.

बरं, तिलाच विचारावं म्हटलं तर तेही बेभरवशाचं. पीटर ट्रडगिल या भाषेच्या अभ्यासकाने इंग्लंडमधल्या नॉर्विचमध्ये पाहिलं की आपण कसे बोलतो हे लोक बरोबर सांगत नाहीत, बऱ्याच बायका स्वतःला आहे त्याहून शुद्ध बोलणारी समजतात अन् पुरुष उलटे, आहे त्याहून गावठी. नागपूरच्या आजीला "तुम्ही येतो म्हणता का येते?" असं विचारलं तर ती शाळेतलं "येते"च सांगेल. त्यापेक्षा "मावशी, लग्नाला कशा गेल्या होत्या, बसनं का?" असं विचारावं, गप्प बसावं, अन् ती सांगून राहिली की क्रियापदं टिपत जावीत.