ज्युरीचं बोलावणं आणि बुडणारी रोजी

लंडनमधल्या मराठी कंत्राटदारांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘आपला स्वतःचा धंदा, त्यात भारतीय पासपोर्ट, ज्युरीला आपल्याला बोलावत नाहीत. बोलावलंच, तर कोर्ट पूर्ण रोजी देतं.’ यातलं काहीच खरं नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये ज्युरीची निवड मतदारयादीतून होते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिकही त्या यादीत असू शकतो. वयाच्या 13व्या वर्षानंतर सलग 5 वर्षं इथे राहिलेल्या, 18 ते 75 वयाच्या कुणालाही बोलावणं येऊ शकतं. धंद्याची सबब पुरत नाही.

आता पैशाचं, कारण खरा फटका तिथेच बसतो. बुडालेल्या कमाईची भरपाई मिळते, पण पहिले 10 दिवस दिवसाला जास्तीत जास्त 64.95 पौंड. 4 तासांपेक्षा जास्त थांबलात तरच. नाहीतर त्याच्या निम्मे. समजा, तुमची रोजी 250 पौंड आहे. दोन आठवड्यांत 2,500 बुडतात, हाती येतात 649.50. शिवाय कमाईचा पुरावा लागतो, म्हणून कर-विवरणपत्र शोधून ठेवा. प्रवासखर्च वेगळा मिळतो.

कामाची मुदत तोंडावर असेल तर तारीख पुढे ढकलून मागा. ही सवलत एकदाच, 12 महिन्यांच्या आतली तारीख घेऊन. पत्र मात्र कचऱ्यात टाकू नका. गैरहजेरीला 1,000 पौंडांपर्यंत दंड आहे.