मॉडेल रेल्वे इंजिनाची मंदगती

मॉडेल रेल्वेचे इंजिन रांगत्या वेगात, न अडखळता आणि हिसका न देता चालणे ही त्याची खरी परीक्षा मानली जाते. एचओ या सर्वाधिक प्रचलित मापात (प्रमाण १:८७, दोन रुळांतले अंतर १६.५ मिमी) शंटिंगचे इंजिन माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किमी वेगाने जायचे, तर एक मीटर रूळ कापायला त्याला सुमारे एक मिनिट लागले पाहिजे. बरीच इंजिने इथेच नापास होतात. कंट्रोलर फिरवत जावे तर आधी ढिम्म, मग एकदम सुसाट.

दोष मोटरवर ढकलला जातो, पण बहुधा गुन्हेगार मळ असतो. वीज रुळांतून चाकांमार्फत मोटरला मिळते. वेगात असलेले इंजिन मळकट जागा झोकात ओलांडते, संथ चालीत तिथेच थबकते. त्यामुळे सुरुवात साफसफाईने करावी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला टिश्यू पेपर रुळांवर आडवा घालायचा, इंजिनाच्या एका टोकाची चाके त्यावर व दुसऱ्या टोकाची उघड्या रुळांवर ठेवायची, आणि इंजिन हाताने धरून वीज सोडायची. कागदावर दोन काळे पट्टे उमटतात. पट्टे उमटेनासे होईपर्यंत कागद सरकवत राहायचे, मग इंजिनाची टोके बदलून दुसऱ्या टोकाची चाके तशीच पुसायची.

वीज जितक्या जास्त चाकांतून घेतली जाईल तितके बरे. पकडीसाठी रबरी कडी बसवलेले चाक वीज घेत नाही. एका रुळाच्या दोन वाटा होतात त्या सांध्याच्या मधोमध प्लास्टिकचा तुकडा असेल तर चारचाकी छोटे इंजिन हमखास त्यावरच अडकते. गिअरमधले सुकून घट्ट झालेले ग्रीस काढून प्लास्टिकला चालणारे तेल थेंबभरच द्यावे.

मोटरचा आर्मेचर, म्हणजे आत फिरणारा भाग, तीन ध्रुवांचा असेल तर संथ फिरताना तो टप्प्याटप्प्याने झटके देतो. पाच तिरप्या ध्रुवांचा असेल तर झटके कमी जाणवतात. फ्लायव्हीलचे, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या जड चाकाचे, कौतुक जरा जास्तच होते. त्यातली ऊर्जा फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे रांगताना तिची मदत नगण्य.

डीसीसी या डिजिटल पद्धतीत इंजिनातला डिकोडर, म्हणजे आज्ञा वाचून मोटर चालवणारे छोटे सर्किट, मोटरला तुटक स्पंदांनी वीज देतो. दोन स्पंदांमधल्या फटीत मोटर स्वतःच जनित्रासारखा विद्युतदाब (व्होल्टेज) निर्माण करते. तो मोजून डिकोडर वेग ओळखतो आणि चढावर स्पंद रुंद करतो. सुरुवातीचा दाब डिकोडरच्या ‘सीव्ही २’ या सेटिंगमध्ये ठरतो. कंट्रोलर पहिल्या पायरीवर ठेवून, चाके जेमतेम फिरू लागेपर्यंत हा आकडा एकेकाने वाढवत न्यायचा.