आदिवासी सांस्कृतिक जाण (आरोग्यशिक्षण)

डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्यकर्मी घडवताना आदिवासी समाजांचा इतिहास, जगण्याची रीत आणि दवाखान्यात त्यांच्या वाट्याला येणारी वागणूक यांचे भान देणारे अध्यापन. न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने त्याला पक्की बैठक दिली. तिथल्या नर्सिंग कौन्सिलने १९९२ साली ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ अभ्यासक्रमात घेतली. सेवा सुरक्षित होती की नाही हे रुग्णाने ठरवायचे, हा तिचा गाभा. कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांत असा अभ्यास सक्तीचा करण्याची मागणी केली.

या अध्यापनातली सोपी वाट म्हणजे एकेका जमातीच्या चालीरीतींची यादी पाठ करून घेणे. गोव्यात ती पहिल्याच पावलाला अडते. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात या जमातींचे प्रमाण सुमारे दहा टक्के. पण एकट्या गावडा समाजातच हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि १९२८ च्या शुद्धीकरणात ख्रिस्ती धर्मातून पुन्हा हिंदू झालेले नवहिंदूही आहेत. कोणती यादी कोणाला लावणार? त्यापेक्षा विद्यार्थ्याला नीट विचारायला शिकवणे मोलाचे.

शस्त्रक्रियेआधी घरच्यांना देवाचा कौल घ्यायचा असेल, तर किती वेळ थांबणे सुरक्षित आहे हे सांगता येते. झाडपाल्याच्या औषधाची चौकशी न रागावता केली, तरच खरे उत्तर मिळते; एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी ते लपवतो, आणि मग यकृत का बिघडले हे कळायला उशीर होतो. केसपेपरवर ‘रुग्ण उशिरा आला’ एवढेच लिहिले जाते. दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या डोंगरवाड्यांतून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, हे मात्र तिथे उतरत नाही.

गोव्यात पाश्चात्त्य वैद्यकाची शाळा १८४२ मध्ये सुरू झाली. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) ही त्याच परंपरेतली संस्था. देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती व संवाद यांचा भाग आहे, २०२२ पासून कुटुंब दत्तक उपक्रमही आला; त्यात विद्यार्थ्याने काही कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. आदिवासी आरोग्य हा स्वतंत्र विषय मात्र नाही. दत्तक कुटुंबे सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतल्या वाड्यांवरची निवडली, वेळीप-गावडा समाजातल्या जाणत्या स्त्री-पुरुषांना मानधन देऊन शिकवायला बोलावले आणि विद्यार्थ्याच्या वागण्याचे गुण त्यांच्याही हाती दिले, तर गोव्यात या अध्यापनाची खरी सुरुवात होईल.