तीन रेघांचा वाँग, मोठ्या पोटाचा वाँग

हाँगकाँगमध्ये फोनवर कुणी आपलं आडनाव वाँग सांगितलं, की पलीकडून विचारणा होते, "कुठला वाँग?" मग उत्तर येतं, "साम वाक वाँग" किंवा "ताय थोउ वाँग". पहिल्याचा अर्थ तीन रेघांचा वाँग, दुसऱ्याचा मोठ्या पोटाचा वाँग. काणे आडनाव सांगताना आपण "बाणातला ण" म्हणतो, तसंच हे. फक्त काणे आणि काने यांतला फरक नीट ऐकणाऱ्याला कानानेही कळतो. या दोन वाँगांचा उच्चार मात्र कँटोनीज भाषेत तंतोतंत एकच आहे, अगदी सुरासकट. त्यामुळे अक्षर दिसतं कसं, तेच सांगावं लागतं.

पहिलं अक्षर कुणालाही काढता येईल: तीन आडव्या रेघा आणि त्यांना मधोमध जोडणारी एक उभी. अर्थ राजा. दुसरं जरा भरगच्च आहे. वर गवताच्या पात्यांसारखी रचना, मध्ये खिडकीसारखी चौकट आणि खाली दोन पायांसारखे दोन छोटे फटकारे. ती चौकट म्हणजेच पोट. या अक्षराचा अर्थ पिवळा. हे अक्षर आपण शाळेतच, भूगोलाच्या पुस्तकात, नकळत भेटलो आहोत. ह्वांग हो म्हणजे पीत नदी, तिच्यातला 'ह्वांग' तो हाच. कँटोनीज माणूस त्या नदीला 'वाँग हो' म्हणतो.

म्हणजे उत्तरेकडच्या मँडरिनमध्ये राजा 'वांग' आणि पिवळा 'ह्वांग' असे दोन वेगळे उच्चार आहेत, आणि दक्षिणेत कँटनकडे दोन्हींचा 'वाँग' झाला. हा अपभ्रंश किंवा आळस नव्हे. भाषेतले ध्वनी बदलतात तेव्हा शब्दागणिक लहरीपणाने बदलत नाहीत, नियमाने बदलतात. कपाटचं कवाड आणि दीपचा दिवा होताना दोन स्वरांमधल्या 'प'चा 'व' झाला, तसाच इथेही नियम आहे. मँडरिनमध्ये ज्या शब्दांच्या सुरुवातीला 'ह' आणि पाठोपाठ 'उ' येतो, त्यांतल्या पुष्कळ शब्दांत कँटोनीजमध्ये तो 'ह' गळलेला दिसतो. सरोवराला मँडरिनमध्ये 'हू' म्हणतात, कँटोनीजमध्ये 'वू'. बोलणं 'ह्वा', इकडे 'वा'. परतणं 'हुइ', इकडे 'वुइ'. त्याच वाटेने ह्वांगचा वाँग झाला आणि तिथे आधीच उभ्या असलेल्या राजाच्या वाँगला जाऊन मिळाला. आपल्याकडे संस्कृत 'कर्म'चं मराठीत 'काम' झालं आणि ते इच्छा या अर्थाच्या 'काम'ला येऊन चिकटलं, तशीच ही गाठ. इ.स. ६०१ च्या एका चिनी उच्चारकोशात ही दोन अक्षरं वेगवेगळ्या यमकगटांत नोंदलेली आहेत, म्हणजे तेव्हा ती कानालाही वेगळी लागत होती.

सुरांची गोष्ट मला यात सगळ्यात सुंदर वाटते. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. 'वाँग' उंच आणि सपाट म्हटलं तर विस्तीर्ण पाणी, वर चढवत म्हटलं तर अन्याय. खालून वर उचललं तर एखाद्या दिशेने जाणं. खालच्या पट्टीत सपाट ठेवलं तर भरभराट. खाली उतरवत म्हटलं तर राजा, पिवळा, आणि सम्राटसुद्धा. राजा आणि पिवळा एकाच उतरत्या सुरात का आले, याचं उत्तर घशात आहे. ग, द, ब यांसारखे घोष वर्ण उच्चारताना स्वरतंतू कंप पावत असतात आणि पुढच्या स्वराची पट्टी किंचित खाली ओढली जाते. पुढे काळाच्या ओघात तो घोष नाहीसा झाला, तरी खालची पट्टी तशीच राहिली आणि तिलाच अर्थ चिकटला. पंजाबीत हे आजही ऐकता येतं: 'घोडा' म्हणताना पंजाबी माणूस 'घ'च्या जागी 'क' म्हणतो आणि सूर खाली नेतो. राजा आणि पिवळा या दोन्ही शब्दांची सुरुवात जुन्या काळी घोष होती, म्हणून दोघे खाली गेले. विस्तीर्ण पाण्याच्या शब्दाची सुरुवात अघोष होती, तो वर राहिला. तेही एक आडनाव आहे आणि रोमन लिपीत तेही वाँगच.

रोमन लिपीत सूर दाखवायची सोय नाही आणि अक्षराचं चित्रही नाही. म्हणून इंग्रजी पाटीवरची, पासपोर्टवरची सगळी वाँग मंडळी एका घरची वाटतात. दिग्दर्शक वाँग कार-वाय १९५८ साली शांघायमध्ये जन्मले, लहानपणी हाँगकाँगला आले. ते तीन रेघांचे. हॉलिवुडची पहिली चिनी-अमेरिकन तारका अ‍ॅना मे वाँग १९०५ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आला. ती पोटाची. दोघांचं आडनाव वेगळं आहे. उलट अ‍ॅना मे वाँग आणि एन्व्हिडिया या चिप कंपनीचे जेन्सेन ह्वांग यांचं आडनाव एकच! ह्वांग १९६३ साली तैवानमध्ये जन्मले, म्हणून त्यांचं नाव मँडरिनच्या वळणाने लिहिलं गेलं.

याच आडनावाचा एक स्वयंपाकी अमेरिकेच्या कायद्यात अमर झाला आहे. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चिनी आईबापांच्या पोटी जन्मला. १८९५ मध्ये चीनहून परतताना, तू नागरिक नाहीस, असं म्हणून त्याला बंदरावरच अडवलं आणि कित्येक महिने जहाजांवर अडकवून ठेवलं. तो लढला. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की अमेरिकेच्या भूमीवर जन्मला म्हणून तो अमेरिकन नागरिकच. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मराठी घरांतल्या मुलांना व्हिसावरच्या आईबापांच्या पोटी जन्मूनही नागरिकत्व मिळत आलं, ते याच निकालाच्या आधारावर. २०२५ मध्ये यावर पुन्हा वाद पेटला, तेव्हा त्याचं नाव पुन्हा बातम्यांत आलं.

त्याच्या नावातला 'आर्क' मात्र नीट बघा. हाँगकाँगचा माणूस ते अक्षर 'ताक'सारखं म्हणेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेलेले कितीतरी चिनी लोक पर्ल नदीच्या मुखाच्या पश्चिमेला असलेल्या ताइशान भागातले होते आणि ताइशानच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'त' गळतो, 'थ'चा 'ह' होतो. म्हणून 'ताक'चं 'आक' झालं आणि अमेरिकन कारकुनाने ते 'आर्क' लिहिलं. ताइशानचे लोक स्वतःच्या गावालाही 'होइसान' म्हणतात. एका गळलेल्या व्यंजनावरून माणसाचा मुलूख सांगता येतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पोटाचं हे अक्षर बाकी समुद्रभर किती वेशांत फिरलं! व्हिएतनाममध्ये ते 'ह्वांग' आहे आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये 'हुइन्ह', कारण तिथल्या सत्ताधीशाचं, न्युएन ह्वांग याचं (१५२५ ते १६१३) नाव उच्चारायचं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून उखाणे रचणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच समजलं असतं. जावातल्या सेमारांगचे साखरसम्राट उइ तिओंग हाम (१८६६ ते १९२४) याच आडनावाचे. सिंगापूरचे १९८५ ते १९९३ या काळातले राष्ट्राध्यक्ष वी किम वीसुद्धा याच आडनावाचे. आणि आग्नेय चीनच्या किनाऱ्यावरच्या हॉक्कियन बोलीच्या काही रूपांत या आडनावाचा उच्चार नुसता 'ङ्' होतो. आपल्या 'वाङ्मय'मधला तो ङ, आगेमागे स्वर नसलेला. आपल्याकडे त्याला अक्षर आहे, रोमन लिपीला मात्र N आणि g ही दोन अक्षरं जोडून भागवावं लागतं. गंमत अशी, की कँटोनीजमध्येही 'ङ्' हे आडनाव आहे, पण ते अगदी वेगळं. मशीन लर्निंग शिकवणारे अँड्र्यू यांचं 'ङ्' कँटोनीज आहे. सिंगापूरचे माजी संरक्षणमंत्री एंग हेन यांचं 'ङ्' म्हणजे आपलं पिवळं पोटाचं अक्षर.

जागांच्या नावांत हा गुंता आणखी वाढतो. हाँगकाँगचा वाँग ताय सिन भाग एका सिद्धपुरुषाच्या नावाने ओळखला जातो. दगडांची मेंढरं करणारा तो मेंढपाळ, आडनाव पोटाचं. त्याचं तिथलं मंदिर १९२१ चं. शा टिनमधल्या वाँग उक या वस्तीचा वाँग तीन रेघांचा, म्हणजे वाँग घराण्याची घरं. वाँग चुक हांगमध्ये मात्र आडनावाचा संबंधच नाही. तो पिवळ्या बांबूंचा ओहोळ. वाँग नाय चुंग म्हणजे पिवळ्या चिखलाचा ओढा. त्याच्या दरीतली दलदल बुजवून १८४६ पासून घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि जवळच १८५२ पासून पारशांची दफनभूमी आहे. व्यापारासाठी मुंबईहून समुद्रापार गेलेली काही माणसं तिथे, पिवळ्या चिखलाच्या ओढ्याकाठी विसावली आहेत. आणि गजबजलेलं मोंग कोक? इंग्रजी पाटीवर मोंग, पण तिथला माणूस म्हणतो 'वाँग कोक'. भरभराटीचा, खालच्या सपाट सुरातला वाँग. इंग्रजी नाव जुन्या उच्चारावर अडकून राहिलं.

चीनमध्ये तीन रेघांच्या आडनावाची माणसं दहा कोटींहून अधिक आहेत. विज्ञानाच्या जगात याचा रोजचा त्रास होतो. शोधनिबंधावर आडनाव आणि नावाचं एकच आद्याक्षर छापलं, तर कुणाचं काम कुणाच्या खात्यावर जाईल सांगता येत नाही. म्हणून २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळू लागला. काळे आणि काले रोमन लिपीत सारखेच दिसतात, तेव्हा आपल्याकडच्या संशोधकांनाही तो हवाच.

पण ही युक्ती चिनी लोकांना त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षं ठाऊक होती. तारेवरून अक्षरांची चित्रं पाठवता येत नव्हती, म्हणून १८७० च्या दशकात प्रत्येक अक्षराला चार अंक दिले गेले. तार गेली, पण ते अंक राहिले. हाँगकाँगच्या ओळखपत्रावर नावाच्या खाली ते आजही बारीक टायपात छापलेले असतात: तीन रेघांच्या वाँगला ३७६९, मोठ्या पोटाच्या वाँगला ७८०६.