दफनाची नोंद दुसऱ्या वहीत

साष्टी, वसई आणि मुंबई बेटावरच्या ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ लावायला बसलं की हमखास एका जागी गाडं अडतं. खापरपणजोबांचा बाप्तिस्मा सापडतो, लग्न सापडतं, पाच-सहा मुलांचे बाप्तिस्मे सापडतात. माणूस मेला कधी आणि पुरला कुठे, तेवढं मात्र सापडत नाही. मग वाळवीला, पावसाला किंवा एखाद्या आळशी पाद्रीबाबाला दोष देऊन शोध थांबतो. वाळवीने खाल्लं ते खाल्लंच. पण एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ ‘हरवलेल्या’ नोंदी शाबूत असतात, फक्त आपण उघडलेल्या वहीत नसतात. एकाच गावच्या माणसांसाठी दोन वह्या का झाल्या, याचं उत्तर १७९४ सालात आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात उरकतो. कॅथलिक चर्चने बाप्तिस्मा आणि विवाहाची नोंद १५६३ मध्ये सक्तीची केली. मृतांची वही विधिग्रंथात आली ती १६१४ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, आणि तिच्याकडे सावत्रपणाने पाहण्याची सवय पुढेही गेली नाही. लग्न ठरवताना नातं जवळचं तर नाही ना, आधीची बायको हयात तर नाही ना, हे तपासायला पहिल्या दोन वह्या रोज लागत. मेलेल्या माणसाचा दाखला मागायला सहसा कोणी येत नसे. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे गेली, पोर्तुगीज संघांचे मठ ओस पडले. त्यापूर्वीची दफनवही या भागात कुणाच्या हाती लागली तर त्याने नशीब समजावं.

आता दुहेरी अधिकाराची गोष्ट. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर जो आश्रयदात्याचा हक्क होता तो पद्रोआदो. रोमहून थेट कारभार पाहणारी यंत्रणा ती प्रोपागांडा. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावरही बेटावरचे पाद्री गोव्याच्या आर्चबिशपांचेच राहिले, आणि त्यांची निष्ठा गोव्याशी आहे असा कंपनीला संशय होता. १७२० मध्ये कंपनीने त्यांना बेटाबाहेर काढलं आणि प्रोपागांडाचे इटालियन कार्मेलाइट, म्हणजे त्या नावाच्या संन्यासी संघाचे पाद्री, आणले. १७८९ मध्ये चर्चेस पुन्हा गोव्याला दिली. १७९१ मध्ये परत काढून घेतली. दोन्ही बाजूंचे अर्ज-विनंत्या थांबेनात, तेव्हा १७९४ मध्ये तोडगा निघाला: बेटावरची चार चर्चेस दोन-दोन वाटून टाकायची. एका छोट्याशा बेटावर दोन धर्माधिकारी, दोन प्रकारचे पाद्री आणि दोन प्रकारच्या वह्या. ही व्यवस्था, वेगवेगळ्या रूपांत, १९२८ पर्यंत टिकली.

या वाटणीचं वर्णन करताना बहुतेक चर्च-इतिहास पद्रोआदोवाल्यांना हट्टी, फुटीर, रोमची आज्ञा मोडणारे ठरवतात. मला ते पटत नाही. गावच्या माणसाला पोपची आज्ञा कुठली आणि राजाचा हक्क कुठला हे कुणी समजावून सांगितलेलंच नव्हतं. बापजाद्यांनी ज्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली ते चर्च आपलं, आणि गोव्याहून आलेला, कोकणी बोलणारा पाद्री इटालियनापेक्षा जवळचा, एवढा साधा हिशेब होता. फूट पाडली ती कंपनीच्या सोयीने. पण चिघळली मात्र दोन्हीकडून. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये प्रोपागांडाचे बिशप आपल्या माणसांसह कोंडून घेऊन बसले, बाहेर विरोधकांचा कित्येक दिवस वेढा, आणि शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं.

शोध घेणाऱ्याला यातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली ही की अधिकार हद्दीपेक्षा माणसावर चाले. शेजारी राहणारी दोन कुटुंबं दोन वेगळ्या चर्चची असू शकत, आणि घराण्याने बाजू बदलली की पुढच्या नोंदी दुसरीकडे जात. वांद्र्यात पद्रोआदोच्या सेंट अँड्र्यूच्या वह्यांत बाप्तिस्मा मिळतो आणि मरण मिळत नाही, तेव्हा प्रोपागांडाच्या सेंट पीटरची वही उघडून पाहायलाच हवी. दुसरी गोष्ट भाषेची. पद्रोआदोच्या वह्या पोर्तुगीजमध्ये, प्रोपागांडाच्या मुख्यतः लॅटिनमध्ये. त्यामुळे एकाच माणसाचं नाव एका ठिकाणी ‘जुआंव’ आणि दुसरीकडे ‘योहान्नेस’ होतं, आणि नावावरून शोधणारा त्याच्या शेजारून निघून जातो. १८८६ च्या करारानंतर तर मुंबईचा महाधर्मप्रांत आणि पद्रोआदोचा दमण धर्मप्रांत असे दोन डोलारे रीतसर उभे राहिले. १९२८ मध्ये दमणचं या भागातलं खातं मुंबईत विलीन झालं. बिशप एक झाले. जुन्या वह्या मात्र ज्या त्या चर्चच्या कपाटात राहिल्या, दोघींची मिळून एकच अनुक्रमणिका कुणी केली नाही.

शहरात आणखी एक फाटा फुटला. मरीन लाइन्सजवळचं सोनापूर भरून गेल्यावर १८६० च्या दशकात शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी सुरू झाली. अंत्यविधी एका चर्चमध्ये आणि माती दुसरीकडे, असं झालं की दफनभूमीचं रजिस्टर वेगळं आणि चर्चची वही वेगळी. थडग्यावरच्या दगडाचा भरवसा तर धरूच नये. मुंबईत जागा इतकी अपुरी की काही वर्षांनी कबर पुन्हा वापरली जाते आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. उपनगरात गावंच्या गावं हलली, तोही घोळ आहेच. आज सीप्झच्या आवारात जे पडकं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च दिसतं, ते साथीमुळे १८४० मध्ये सोडून धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चखालची सगळी वस्ती, मरोळला गेला. त्यापूर्वीचे पूर्वज पुरले एका ठिकाणी आणि विचारपूस करायची दुसऱ्या ठिकाणी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीला आला, त्यानंतरच्या काही वर्षांतल्या नोंदी हा वेगळाच विषय. लोक शहर सोडून मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले. मुंबईत नोकरी करणारा माणूस वसईत, गोव्यात किंवा वाटेत वारला. गिरगाव-वांद्र्याच्या गल्ल्यांत प्लेगचे क्रूस त्या काळाची साक्ष देत अजून उभे आहेत, पण मेलेल्यांची यादी काही त्यांच्यावर कोरलेली नाही.

चर्च सोडून सरकारी दप्तराकडे वळायला आपली माणसं उगाच कचरतात. शेतजमीन असलेल्या घराण्यासाठी फेरफाराची नोंद सोन्यासारखी असते. खातेदार मयत झाल्यावर वारस लावताना मृत्यूची तारीख आणि मुलांची नावं तिथे लिहिलेली मिळतात. आणि गाव नमुना चौदा, म्हणजे आपलं कोतवाल बुक. गावातला जन्म-मृत्यू त्यात चढे, मग मयताची माती कुठल्याही धर्माची असो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच बुकं गठ्ठ्यांतून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि बऱ्याच जिल्ह्यांनी ती पानं स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकली. शोध होता एका जातीच्या रकान्याचा. पण त्याच पानांवर इतर सगळे गावकरीही आहेत, किरिस्तावांसकट. मोडी वाचता येत नसेल तर वाचून देणारी माणसं आता पूर्वीपेक्षा सहज भेटतात.

पोर्तुगीज पासपोर्टच्या धावपळीने गोव्यातल्या जन्म आणि विवाहाच्या नोंदींना भाव आला. दफनाच्या वहीने कुणाचा व्हिसा होत नाही, त्यामुळे ती अजूनही बहुतेक ठिकाणी तळाच्या फडताळात आहे. विचारायला जाताना साल, धर्मग्राम आणि बाजू, निदान अंदाजाने, हाताशी असावी. नुसत्या आडनावावर कार्यालयातला माणूस शंभर वर्षांची पानं उलटणार नाही. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये ठाण्यातून निघाला आणि पालघर २०१४ मध्ये. म्हणून वांद्र्याचं एकोणिसाव्या शतकातलं महसुली दप्तर मागताना ठाणे जिल्हा म्हणावं लागतं, आणि वसई तालुक्याचे जुने गठ्ठे ठाण्यात आहेत की पालघरला गेले, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावं.